अर्ध्या मिनिटानंतर

पाहुणीने वाइन थुंकली नाही. गिळली, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली.

इझोल्दाला ते विचित्र वाटले. तेलावीच्या एका वाइन कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने चौतीस वर्षे चाखण्याचेच काम केले होते. घोट घ्यायचा, तोंडात दोनदा फिरवायचा, थुंकायचा, गुण लिहायचे. एका सकाळी चाळीस नमुने. घड्याळ पाहायला सवड कुणाला होती?

तळघर तिच्या धाकट्या भावाचे, वाझाचे होते. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले सहा रांजण. परदेशी लोकांना हल्ली तशीच हवी असते म्हणून या वर्षी प्रथमच त्याने वाइन टिकवणाऱ्या गंधकाचा कणही न घालता वाइन केली होती. मागच्या आठवड्यात इझोल्दाने ती चाखली आणि दाखल्यावर ‘निर्दोष’ लिहून सही केली. निवृत्त झाली तरी खोऱ्यात तिच्या सहीला मान होता.

"उंदीर," पाहुणी हळूच म्हणाली. ती रीगाहून वाइन विकत घ्यायला आली होती.

"अहो, दोन मांजरं आहेत घरात," वाझा हसला. "कुठला उंदीर?"

"वाइनमध्ये. गिळल्यावर अर्ध्या मिनिटानं उंदराच्या बिळासारखा वास वर येतो. काहींना तो जाणवतच नाही." तिने इझोल्दाकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. "त्यात त्यांची चूक नसते."

ती गेल्यावर वाझाने रांजणावरचा दगड ढकलून बसवला.

"भाव पाडायची नाटकं सगळी. मी तिबिलिसीच्या हॉटेलवाल्याला देतो. त्याला उद्या ताजा दाखला हवाय. तू सही कर, ताई. तुझ्यापुढं कोण बोलणार?"

"मला पुन्हा चाखू दे."

"आणखी किती चाखशील? पहिल्यांदा चाखलीस तेव्हा झोपेत होतीस का?"

बाटली आणि कोरा दाखला घेऊन ती घरी आली. स्वयंपाकघरात तिने हाताच्या पाठीवर वाइनचा थेंब टाकला, चिमूटभर सोडा घालून चोळला आणि हुंगला. आंबटपणा हा वास दाबून ठेवतो. सोड्याने आंबटपणा मरतो, गिळल्यावर लाळेनेही मरतो, आणि मग वास मोकळा होतो. हे तिने कित्येक मुलींना शिकवले होते. हाताला फक्त ओल्या कातडीचा वास येत होता. तिने एक घोट गिळला आणि भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण दोन मिनिटे मोजली. काहीच नाही.

आपल्या कारखान्यात उंदराचा दोष कधी झालाच नाही, असे ती अभिमानाने सांगत असे. एकदाच कुणीतरी त्याचे नाव काढले होते. बारा वर्षांपूर्वी, लामाराने.

तिच्या हाताखालच्या लामाराला अकरा नंबरच्या टाकीत उंदीर लागला. मग तेराच्या, मग सतराच्या. इझोल्दाने तिन्ही नमुने चाखून थुंकले आणि अहवालात लिहिले: ‘दोष आढळला नाही. सदर कर्मचाऱ्याचे नाक विश्वासार्ह नाही.’ लामाराला बाटल्या धुवायला पाठवले. ती आठवडाभर राहिली, मग आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इझोल्दा गुर्जाआनीच्या रस्त्यावर बसमधून उतरली. लामाराच्या टपरीवर द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा टांगलेल्या होत्या. लामारा जाड झाली होती. डोक्याला रुमाल होता.

"इझोल्दाबाई. वाट चुकलात का?"

"नाही, तुझ्याकडेच आले."

"माळा घ्या मग. कालच्याच आहेत. की आधी तपासून बघणार?"

इझोल्दाने पिशवीतून बाटली काढली. "वाझाची आहे. चाखून सांगशील?"

लामारा बाटलीकडे पाहत राहिली. "मी सांगू? तुमचा कागद अजून आहे माझ्याकडे. कपाटात, लग्नाच्या फोटोखाली."

"म्हणूनच तुला विचारतेय."

"म्हणूनच म्हणजे?"

इझोल्दाने बाटलीचे बूच काढले. रस्त्यावरून मेंढ्यांनी भरलेला एक ट्रक गेला. लामाराने टपरीतला काचेचा पेला पुसला आणि पुढे धरला. पाहुण्याने आणलेली वाइन घरी असो की रस्त्यावर, नाकारायची नसते आणि थुंकायची तर नसतेच. भरलेला पेला लामाराने वर केला.

"विश्वासार्ह नाकांच्या नावानं," ती म्हणाली आणि तळापर्यंत प्यायली.

इझोल्दाने मनात आकडे मोजले. पंचवीस. तीस. पस्तीस. लामाराचा चेहरा हलला नाही.

"कशी आहे?"

"छान आहे."

"लामारा, खरं सांग."

"मला काय कळतं बाई त्यातलं? असं तुम्हीच लिहिलंय. खाली सही आहे, तारीख आहे." तिने एक माळ काढून कागदात गुंडाळली. "ही वाझाच्या पोरांना. पैसे नकोत." आणि टपरीच्या मागे निघून गेली.

पिशवीतला फोन वाजला.

"ताई, झाली का सही? हॉटेलवाला दारात उभा आहे."

टपरीच्या फळ्यांमधल्या फटीतून मागचा नळ दिसत होता. लामारा वाकून चूळ भरत होती. एकदा भरली. ओंजळीत पाणी घेऊन पुन्हा भरली. रुमालाच्या टोकाने जीभ पुसली आणि पुन्हा नळाखाली हात धरला.

"उंदीर आहे," इझोल्दा म्हणाली.

"तुला लागला?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

"लामारा."

"कोण? ती बाटल्या धुणारी?"

नळ अजून चालूच होता.