फाटकाजवळच्या झाडाची पानगळ

नजर अधू झाली म्हणून बसच्या ड्युटीवरून काढलेल्या ड्रायव्हरचा घरी वेळ जाईना. शेवटी सुनेने त्याच्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं.

"बाबा, फाटकाजवळचं झाड तुमचं. दर रविवारी पालवी, कळ्या, फुलं, पानगळ, जे दिसेल ते नोंदवायचं. ठिकठिकाणचे लोक असं करतात. त्यावरून झाडांचे ऋतू पुढेमागे सरकतायत का, ते शास्त्रज्ञांना कळतं."

त्याची थोरली बहीण, रिटायर्ड नर्स, त्यांच्याकडेच राहायची. गुडघ्यांमुळे जिना उतरायची नाही. "मग मी काय माशा मारू?" म्हणत तिनेही तेच झाड घेतलं, खिडकीतून.

एका रविवारी त्याने फाटकाशी उभं राहून 'पानगळ भरपूर' असं नोंदवलं. दुपारी अ‍ॅपवरच्या नोंदी तपासणाऱ्या बाईंचा निरोप आला. त्याच झाडाची दुसरी नोंद 'पानगळ नाही' अशी होती. पुन्हा पाहाल का?

खाली जाऊन त्याने चष्मा पुसला, लावला, काढला. पायाशी पिवळी पानं होती. पण ती शेजारच्या झाडाची असली तर? वरच्या फांद्या खरंच उघड्या आहेत, की उन्हाने तशा दिसतायत? बघावं तितका गोंधळ वाढत गेला.

"ताईचंच बरोबर," घरात येऊन तो म्हणाला. "माझे डोळे कुठे धड आहेत? पुसून टाक ती नोंद."

सुनेने बाईंना फोन लावून स्पीकर चालू केला.

"पुसू नका हो काका! तुम्ही कुठून बघता?"

"फाटकातून. ताई वरून, खिडकीतून."

"मग जागा बदलून बघा ना."

तो खिडकीशी गेला. रस्त्यावरच्या दिव्यालगतच्या फांद्या हिरव्यागार होत्या. ताईला राहवेना. सुनेचा हात धरून, कण्हत ती जिना उतरली आणि फाटकाशी थबकली.

"अगं बाई! इकडून तर पार टक्कल पडलंय!"

"दोघांचंही बरोबर," फोनवरून बाई म्हणाल्या. "बाजू लिहून दोन्ही नोंदी ठेवा. दिव्याच्या उजेडात पानं उशिरा गळत असतील कदाचित. पण एका झाडावरून कसं सांगणार?"

"म्हणजे पानगळ चालू आहे की नाही?" खाली आलेल्या ड्रायव्हरने विचारलं.

"आहे. आणि नाहीही."

त्याला धड कळलं नाही, पण छातीवरचं ओझं उतरलं. ताई मात्र वर जायला तयार होईना. "पुढच्या दिव्याखालचं बघू या," म्हणाली.

तिघं हळूहळू तिथवर गेली. दिव्याला चिकटून तसलंच झाड उभं होतं. त्याच्यावर औषधालाही पान नव्हतं.

"आता हे कसं काय?" ताई म्हणाली.

"मला काय विचारतेस?" ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने फोन काढला.