पाठमोरं वादन

खोडाळ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका आश्रमशाळेत कमलेश सर गणित शिकवत. संगीताशी त्यांचा संबंध एवढाच, की परिपाठाला पेटी वाजायची तेव्हा ते शेजारी उभे असत. पण मुंबईच्या एका कंपनीने शाळेला चाळीस वाद्यं पाठवली आणि "संगीत कुणाला येतं?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा सरांचा हात आपसूक वर गेला. कारण पत्राच्या तळाशी एक ओळ होती. ज्या शाळेचं वादन उत्तम होईल, तिथल्या शिक्षकाला प्रकल्पाचा जिल्हा समन्वयक नेमणार, मुक्काम पालघर. ती ओळ वाचली आणि सरांना गोल फिरणारी खुर्ची दिसायला लागली.

खोक्यांतून काय काय निघालं! गिटारसारख्या पण चार तारांच्या इवल्याशा युकुलेल्या, प्लास्टिकच्या बासऱ्या, खुळखुळे. कंपनीच्या नीता मॅडम एका दिवसासाठी शिकवायला आल्या. गाणं आधीच ठरलेलं होतं. लॅटिन अमेरिकेतलं, जगभर लोक ज्यावर कंबर हलवतात असलं. मोखाडा तालुक्यातल्या पोरांनी तेच का वाजवायचं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. कंपनीच्या साहेबांना ते आवडायचं, विषय संपला.

"अगदी सोपं आहे सर, चारच कॉर्ड," मॅडम म्हणाल्या. त्यांनी युकुलेल्यांवर बोटं ठेवायच्या जागी लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या टिकल्या चिकटवल्या आणि चहा घेऊन त्या गाडीत बसल्या.

मग सुरू झाली सरांची साधना. गाण्याचा व्हिडिओ बघायला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायची. गणिताचे सर रोज शिडी चढून टाकीवर कमरेत लचकताना दिसू लागले, आणि भात झोडणाऱ्या बायकांची कामं खोळंबली. खाली आले की सर पोरांना खुर्च्यांवर तीन रांगांत बसवत आणि पट्टी आपटत ओरडत, "एक, दोन, तीन, चार! लाल! पिवळा!" पोरं बिचारी मोजत. मोजता मोजता लाल गाठेपर्यंत गाणं निळ्यावर पोचलेलं असे. त्या गाण्याचा ठेका नेमका सरांच्या एक आणि दोनच्या मधे पडायचा, आणि तिथे काही असू शकतं हे सरांना मान्यच नव्हतं. दहा दिवसांत पोरं रंग ओळखायला शिकली. गाण्याचा मात्र पत्ता नव्हता.

कंपनीच्या साहेबांपुढे होणाऱ्या कार्यक्रमाला तीन दिवस उरले तेव्हा सरांचे वडील, साखरशेतचे ढवळू, नव्या तांदळाची पिशवी घेऊन आले. ढवळू तारपा वाजवायचे. भोपळ्याचं आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य फुंकायला घेतलं की पाड्यावरचं झाडून सगळं माणूस त्यांच्याभोवती फेर धरायचं. ही गोष्ट सरांनी शाळेत कुणाला सांगितली नव्हती. ते शुद्ध बोलायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि वडील शेतकरी आहेत म्हणायचे. खरंच होतं म्हणा, अर्धं.

ढवळूंनी ओसरीवर बसून थोडा वेळ तालीम ऐकली आणि ते तोंडाला पंचा लावून हसले.

"कमळ्या, पोरांना मोजाया कशाला लावतस? मोजून कोन नाचतो?"

"बाबा, हे वेगळं आहे. हे परदेशी गाणं आहे."

"आसंल. पाय तर आपलंच हायेत ना?"

एरवी सरांनी त्यांना एसटीत बसवून दिलं असतं. पण पालघरची खुर्ची हातची चालली होती. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मोखाड्याला मीटिंगला गेल्याची खात्री करून त्यांनी वडिलांना तारपा घेऊन कोठीमागच्या अंगणात बोलावलं. ढवळूंनी टाकीवर चढून व्हिडिओ दोनदा ऐकला, आपल्या भोपळ्यात जेवढे सूर होते तेवढ्यात गाणं बसवलं आणि मधोमध उभे राहून फुंकलं. पोरं युकुलेल्या छातीशी धरून भोवती फिरू लागली. कुणी मोजलं नाही. चैती नावाच्या सातवीतल्या पोरीने सगळ्यात आधी टिकल्या नखाने खरवडून टाकल्या. संध्याकाळच्या आत चाळीसच्या चाळीस पोरं ते गाणं अस्सं वाजवत होती, की सर कोठीच्या भिंतीला टेकून थक्क झाले. त्यांचाही एक पाय हलत होता. त्यांनी तो थांबवला.

"बाबा," ते निघताना म्हणाले, "शनिवारी तुम्ही येऊ नका. मोठे लोक असतील."

"बरं," ढवळू म्हणाले.

पण चैतीने त्यांना परस्पर बोलावलं होतं, आणि बाकीच्या पालकांबरोबर ढवळूही आले.

शनिवारी मांडवात साहेब पहिल्या रांगेत, मॅडम कॅमेरा सांभाळत. पोरं पाहुण्यांकडे तोंड करून तीन रांगांत. सर बाजूला नव्या जाकिटात. "एक, दोन, तीन, चार!" आणि गाणं पहिल्याच वळणावर आडवं झालं. साहेबांनी घड्याळ बघितलं. सर आणखी जोरात मोजू लागले.

तेवढ्यात पोरांच्या पाठीमागून, पालकांच्या गर्दीतून, तारपा घुमला.

आता तारपा वाजत असताना त्याच्याकडे पाठ करायची नाही, हे त्या पोरांना शिकवावं लागत नाही. चाळीस पोरं उठली, खुर्च्या सारून वळली आणि पाहुण्यांना पाठ दाखवून गाणं पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजवत गेली. एक तार चुकली नाही. साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "व्हॉट अ कॉन्सेप्ट!" मॅडम ओरडल्या.

"आणि ते वाजवणारे गृहस्थ कोण?" साहेबांनी विचारलं.

सरांनी कॅमेऱ्याकडे बघून हसत सांगितलं, "असेच, गावातले कुणीतरी."

ढवळू दहा पावलांवर होते. त्यांनी तारपा फडक्यात गुंडाळला आणि एसटी गाठली.

सर पालघरला गेले. खुर्ची खरोखरच फिरणारी निघाली. नव्या वर्षात कंपनीने तो फोटो कॅलेंडरवर छापला. एक प्रत घेऊन सर साखरशेतला आले आणि त्यांनी ती वडिलांपुढे धरली. चाळीस पाठमोरी पोरं, पलीकडे धूसर तारपा, आणि सगळ्यांत पुढे कॅमेऱ्याकडे तोंड करून हसणारे सर.

ढवळूंनी कॅलेंडर उजेडात नेऊन बराच वेळ पाहिलं.

"पोरां समदी बरोबर उभी हायेत," ते म्हणाले. "येकटा तूच चुकलास."