थुंकायची बादली

म्हाताऱ्याने घोट तोंडात घेतला, या गालातून त्या गालात खळखळवला आणि मुलीकडे पाठ करून खुर्चीशेजारच्या बादलीवर वाकला. रुमालाने ओठ टिपत सरळ झाला तेव्हा त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

"ही वाइन आहे? सरबत आहे हे. चेरीचं सरबत!"

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर राबून तिने ही वाइन केली होती. पिंपात मुरवायची नाही, फळाची चव जशीच्या तशी राखायची, आणि किंमत अशी, की भाजीला निघालेल्या बाईनेही जाता जाता एक बाटली पिशवीत टाकावी. आता म्हाताऱ्याने मान डोलावली तर बाटल्यांवर घराचं नाव लागणार होतं. नाहीतर उद्या टँकर येऊन सगळी वाइन घाऊक व्यापाऱ्याकडे नेणार, कुणाच्याही मालात मिसळायला.

आणि म्हाताऱ्याची जीभ म्हणजे या घरातलं हायकोर्ट. दिवसभर वाइन चाखून सरळ चालत घरी येणारा माणूस तो. "गिळतो तो पिणारा, थुंकतो तो पारखणारा," असं येताजाता ऐकवायचा. भल्याभल्या वाइन त्याने थुंकल्या होत्या.

"ओत अजून. दोष नीट सापडायला हवा."

तिने ओतली. पुन्हा खळखळ, पुन्हा पाठ, पुन्हा रुमाल.

"खोली नाही, काही नाही. ज्याला त्याला आवडेल असली."

"मग बिघडलं कुठे?"

"मोठी शहाणी! ओत."

बाटली निम्म्याखाली गेली. धाकटा भाऊ फोन हातात धरून दाराशी उभा होता.

"ताई, बाबा नको म्हणतात तर जाऊ दे ना. टँकरवाल्याला हो सांगून टाकतो."

"तू गप रे! ताटाखालचं मांजर मेलं."

"सांग त्याला," म्हातारा म्हणाला. "असल्या पाण्यावर माझ्या घराचं नाव लागणार नाही. विषय संपला."

तोंड उघडलं असतं तर तिला रडूच फुटलं असतं, आणि ते तिला त्याच्यासमोर नको होतं. धुवायला म्हणून तिने बादली उचलली. हाताला ती हलकी लागली. तिने आत पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.

त्याने थुंकली असती तरी तिला एवढा संताप आला नसता.

तिने बादली त्याच्यासमोर टेबलावर आणली आणि उपडी केली. थेंबही पडला नाही.

भावाने बादलीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. म्हातारा कानापर्यंत लाल झाला होता. तो टेबलाची कड नखाने कोरत बसला. मग रिकामा ग्लास हळूच तिच्याकडे सरकवला.

तिने बाटलीला बूच ठोकलं.

"आता दुकानातून विकत घ्या, बाबा. नाव आपल्याच घराचं असेल. स्वस्त आहे, परवडेल तुम्हाला."