साडेचार फुटी बारवरचा आळ

मी बोलतोय, साडेचार फुटी बार. चेनसॉच्या इंजिनातून जी लांब पोलादी पट्टी बाहेर आलेली असते आणि जिच्या कडेने दातेरी चेन पळते, ती पट्टी म्हणजे मी. मोठे ओंडके उभे चिरून त्यांच्या जाड फळ्या काढणं हे माझं काम. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. ज्या लाकडाच्या पोटात शिरायचं त्यात खिळा आहे की तार, हे कापल्याशिवाय कळत नाही. असं आयुष्य काढलं असतं तर तुम्हीही असेच झाला असता.

जन्म कारखान्यातला, पण तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. मी खोक्यात पडून गिऱ्हाइकांची बोलणी ऐकायचो. बहुतेकांना सगळ्यात लांब बार हवा असायचा. कशाला, हे मात्र धड सांगता यायचं नाही. अशा माणसाच्या हाती पडलो तर आपलं काही खरं नाही, या धास्तीने मी अर्धा झालो होतो.

एक दिवस दोघं बहीणभाऊ आले. भाऊ पन्नाशीचा, लाकूड चिरणारा. त्याला सगळे दादा म्हणायचे. बहीण त्याच्याबरोबरच कामाला. केस पांढरे व्हायला लागले तरी तिचं नाव धाकटीच राहिलं होतं. दादानेही सगळ्यात लांब बारकडे बोट दाखवलं. धाकटीने त्याला थांबवलं. तिचा हिशोब सरळ होता: आपल्याकडे येणारा जाडात जाड ओंडका साडेतीन फुटांचा. बार ज्या चौकटीत बसवून चालवायचा, ती पाऊण फूट खाते. म्हणजे साडेचार पुरे. त्याहून लांब घेतला तर मधे लवेल आणि आपल्या इंजिनाला झेपणारही नाही.

मग चेन. दुकानदाराने हाताला लागली ती पुढे केली. धाकटीने दातांचा कोन बघितला आणि ती परत सरकवली. ही आडवं कापायची, आम्हाला उभं चिरायचं आहे, म्हणाली. दुसरी आली. ती तिने माझ्या कडेच्या चरात बसवली आणि बोटाने हलवून बघितली. चेन डुगडुगली. एवढं कोणी बघत नाही हो, असं दुकानदार कुरकुरला. तिने तरीही तिसरी मागवली आणि ती चरात चपखल बसल्यावरच मान हलवली. मी मनात म्हटलं, ही बाई आपल्या जातीची दिसते. हिच्यावर एकवेळ विश्वास टाकायला हरकत नाही.

पहिलं वर्ष छान गेलं. दादा इंजिन धरायचा, धाकटी चौकटीचं दुसरं टोक. रोज दुपारी जेवणं झाली की दादा वखारीच्या दारापाशी बसून चेनला धार लावायचा. चेनचे दात एकाआड एक डावे-उजवे असतात. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत होती: डावे दात डाव्या डोळ्याने बघून घासायचे, उजवे उजव्याने, आणि त्या वेळी दुसरा डोळा मिटायचा. दादा त्यात कधी बदल करायचा नाही.

मग एकदा फळी पोट काढून आली. म्हणजे दोन्ही कडांना बरोबर आणि मधे फुगीर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझा पहिला संशय चेनवर गेला, कारण चेन ही पळणारी बाई, तिचा काय भरवसा. मग तेलावर गेला. मग धाकटीवर. कारण ती हल्ली आपली जागा सोडून दादाच्या उजव्या अंगाला येऊन उभी राहायला लागली होती. त्याने काही उचलायच्या आत ती ते त्याच्या हातात द्यायची. मला वाटलं, हिला आता इंजिन स्वतःच्या हातात हवं आहे. दादाही तिच्याकडे तिरकं बघायला लागला होता. दोघं जेवताना बोलेनाशी झाली.

एका दुपारी दादा बाहेर गेला असताना धाकटीने मला इंजिनातून काढलं. सपाट फरशीवर ठेवलं, वरून डोळा लावून बघितलं, खालून कागद सरकवून बघितला. कागद कुठेच शिरला नाही. मी अगदी सरळ होतो, आणि हे तिला कळलं होतं. दादा आल्यावर ती त्याला म्हणाली, बार वाकला आहे, दुकानदाराने कच्च्या पोलादाचा माथी मारला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांदेखत खोटं! मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं आणि जुना आखूड बार पुन्हा चढला. त्या दिवसापासून काही ना काही निमित्त काढून चेनही धाकटीच घासायला लागली. फळी सरळ निघाली. दादाचा जीव भांड्यात पडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, हा बघा, हाच वाकडा. मी भिंतीवरून ऐकायचो आणि त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालायचो.

पण आखूड बारने मोठा ओंडका चिरता येत नाही. शाळेच्या आवारातलं जुनं झाड वाऱ्याने पडलं होतं आणि मुख्याध्यापिकाबाईंना त्यातून वाचनालयासाठी एकसंध फळीचं टेबल हवं होतं. ओंडका साडेतीन फुटी, आणि असा एकच. फळी पोट काढून आली तर दुसरी मिळायची नाही. दादा म्हणाला, हा वाकडा बार दुकानदाराच्या तोंडावर मारतो आणि बदलून आणतो. कुठे वाकला आहे ते खडूने दाखवावं म्हणून त्याने मला खाली घेतलं, फरशीवर ठेवलं आणि बोटं फिरवली. बोटं हळूहळू थांबली. त्याने कागद घेतला. कागद कुठेच शिरला नाही.

"बार सरळ आहे," तो म्हणाला.

धाकटी भुसा लोटत होती. झाडू तसाच धरून ती म्हणाली, "माहीत आहे मला."

"मग खोटं का बोललीस?"

"तुझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही, दादा. उजवे दात बोथट राहतात, चेन एका अंगाला ओढते, म्हणून बार मधे लवतो. तोंडावर सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काम सोडून घरी बसला असतास."

दादा खाली बसला. त्याला वाटत होतं, डोळ्याचं कळलं की ही मशीन काढून घेईल. म्हणून दोन महिने लपवलं, म्हणाला. हे ऐकून धाकटी खरोखरच चिडली. इतकी वर्षं बरोबर काम केलं आणि माझ्यावरच संशय, म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.  माझं तरी काय वेगळं होतं? तिच्याविषयी तेच तर मीही म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत यायची नाही, डावा औषधाने सांभाळता येईल. दादाने उजवे दात डाव्या डोळ्याने घासून बघितले, पण कोन चुकायचा. शेवटी त्याने कानस धाकटीच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. तीन दिवस त्याने इंजिनाला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या, फळी कधी निघणार हे विचारायला. धाकटी काहीतरी सारवासारव करणार तेवढ्यात दादाच पुढे झाला.

"बाई, माझा उजवा डोळा गेला आहे. उजवे दात ही घासते, डावे मी घासतो. चालवताना माझ्या उजव्या अंगाला हीच असते. तुम्हाला दुसरीकडे न्यायचा असेल तर ओंडका आम्ही गाडीत चढवून देतो."

धाकटीने श्वास रोखला होता. मीसुद्धा रोखला असता. बाईंनी ओंडक्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे.

"उद्या सकाळी सुरू करा," त्या म्हणाल्या. "मुलांना बघायला आणते."

मला पुन्हा चढवलं. ओंडक्याच्या पोटात शिरताना नेहमीसारखा खिळ्याचा संशय आलाच, पण खिळा नव्हता. फळी निघाल्यावर दादाने तिच्यावर तळहात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पोट नव्हतं. मग धाकटीला जवळ बोलावून तिचाही हात फळीवर ठेवला.

आता माझा चर रुंदावला आहे, कडा झिजल्या आहेत. दोन्ही कडा सारख्या झिजाव्यात म्हणून कितीदा उलटवून लावलं, आता उलटवण्यातही अर्थ राहिलेला नाही. परवा धाकटीने चेन बोटाने हलवून बघितली आणि ती माझ्यातच डुगडुगली. काय ते मला कळलं.

माझी तक्रार नाही. आळही मी सोसला, आणि ज्याच्यासाठी सोसला तो माणूस अजून इंजिन धरून उभा आहे. दादा, धाकटी, फक्त एवढं करा. मला काढाल तेव्हा झिजला म्हणून काढला, असं सगळ्यांना सांगा. वाकडा होता, असं कुणाला सांगू नका.