तटातली दोरी

नेदामिरने आईला सकाळच्या उन्हात उभं केलं, जमिनीवर पडलेली तिची सावली डोक्यापासून पायापर्यंत लोकरीच्या दोरीने मोजली आणि दोरी कापली. दोरी तिनेच वळलेली होती.

"सरळ धर रे," म्हातारी ल्युबावा म्हणाली. "उद्या तट वाकडा झाला, तर लोक माझ्या कुबडाला नावं ठेवतील."

गढीचा दलदलीकडचा तट दोनदा खचला होता. ओंडक्यांच्या चौकटी, त्यांत ठासलेली माती, सगळं पाण्यात. दलदल गोठली की सॅक्सन घोडेस्वार सरळ आत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग जुनी रीत आठवली. ज्याच्या सावलीचं माप तटात पुरायचं, तो चाळीस दिवसांत जातो. तट मात्र राहतो. माणूस निवडायचा तट बांधणाऱ्याने, म्हणजे नेदामिरने. ल्युबावाने त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

"माझी लाकडं कधीच मसणात पोचलीत. तरणीताठी माणसं कशाला?"

आईची दोरी त्याने गुपचूप घराच्या छपरातल्या गवतात खुपसली. दुसरा तुकडा कापून त्याच उन्हात स्वतःची सावली मोजली, टोकाला सुताराची दुहेरी गाठ मारली आणि तो तटाच्या नव्या चौकटीच्या तळाशी ठेवला. घरी ल्युबावाने दोरीचा उरलेला गुंडा उचलला, हातावर तोलून पाहिला, छपराकडे एक नजर टाकली आणि गुंडा टोपलीत टाकला.

दुपारी मातीची पहिली पाटी आपणच टाकणार, असा हट्ट तिने धरला. चौकटीत उतरली ती कितीतरी वेळ वाकूनच होती.

"आई, झालं का? की तिथेच झोपतेस?"

"झोपेन हो. घाई काय आहे?"

त्या दिवसापासून नेदामिर दाराच्या चौकटीवर रोज एक खाच पाडू लागला. त्याला मरणाची भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. बाजरीच्या पेजेला ओल्या मातीचा वास यायचा. उन्हात गेला की तो खाली बघत नसे. एकदा चुकून बघितलं, तर सावली विरलेली वाटली. तटाजवळून जाताना आतून कुणीतरी माती चोपतंय, असं ऐकू यायचं. आई त्याच्या वाडग्यात जास्तीचं लोणी घालायची.

"खा रे. मरायला टेकलेय मी, आणि वाळतोयस तू!"

चाळिसाव्या सकाळी तो जागा झाला. हात हलले, पाय हलले. तो हसलाच, आणि आईला हाक मारली.

ल्युबावा उठली नाही. तिची मूठ थंड होती. बोटं उघडली तेव्हा आत दोरी निघाली. तिच्यावर तटातली माती वाळली होती, टोकाला दुहेरी गाठ होती. नेदामिरने टाचा उंचावून छपराच्या गवतात हात घातला. कोपरापर्यंत घातला. गवतच होतं, दोरी नव्हती.

"नेदामिर!" बाहेरून शेजारी स्कार्बेक ओरडला. "दलदल गोठली, पण तट तसूभर हलला नाही! म्हातारीला सांग!"

नेदामिर आईच्या पायाशी बसून दोरीची गाठ सोडवू लागला. गाठ त्यानेच मारलेली होती, पण सुटत नव्हती.