निळ्या चौकड्यांचा ळ

मी एक जुना कापडी 'ळ' आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, निळ्या चौकड्यांचा, पोटात कापूस भरलेला. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझं घर आहे. माझा रंग आता विटला आहे, आतल्या कापसाच्या गाठी झाल्या आहेत आणि एका बाजूची शिवण जरा सैल पडली आहे. तरीही मी अजून या घरात आहे. कसा राहिलो, ते सांगतो.

मला संपदाने शिवलं. तिची मुलगी साई तेव्हा तीन वर्षांची होती. जेवताना मोबाईल लागे, झोपताना मोबाईल लागे. संपदाला पुन्हा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला ऑफिसला न जाता घरी आराम करायला सांगितलं होतं. हात रिकामे होते. तिने घरातले जुने कपडे काढले, कात्री घेतली आणि साईसाठी अख्खी मुळाक्षरं शिवायला बसली. 'अ' तिच्या पिवळ्या ओढणीचा झाला, 'म' उशीच्या अभ्र्याचा झाला. मी साईच्या बाबांच्या, मयुरेशच्या, ऑफिसच्या शर्टातून निघालो. मला शिवताना ती फार दमली. दोन गोल पोटं आणि मध्ये चिंचोळी मान, त्यामुळे मी उलटता उलटेना. शेवटी पेन्सिलीच्या टोकाने ढोसून ढोसून तिने मला सुलटा केला आणि कापूस भरून तोंड शिवून टाकलं.

"बघ गं साई, कसा गुबगुबीत झालाय!" ती म्हणाली.

साईने मला गालाला लावून पाहिलं. तो गाल मला अजून आठवतो.

मग त्या घरात अक्षरांचे खेळ सुरू झाले. ताटात रवा पसरायचा आणि बोटाने अक्षर काढायचं. आम्हाला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचं आणि हात घालून एकेकाला बाहेर ओढायचं. कणकेची अक्षरं करून तव्यावर भाजायची. "बाबा, मी आज 'ग' खाल्ला!" अशी आरोळी मयुरेशला दारातच ऐकू येई. साईला सगळ्यात जास्त आवडायचा तो शोधाशोधीचा खेळ. 'क'चा दिवस असला की 'क' हातात धरून ती घरभर फिरे. कपाट, कढई, कात्री, कुंडी, सगळ्यांशी त्याची गळाभेट होई. रोज एकाचा मान असे. बाकीचे आम्ही टोपलीत बसून आपली पाळी कधी येते याची वाट बघत असू.

माझी पाळी आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. माझ्यावरून शब्दच सुरू होत नाही, मित्रांनो. साई मला घेऊन स्वयंपाकघरात गेली, गॅलरीत गेली आणि हिरमुसून परत आली.

"आई, ह्याचं काहीच नाहीये आपल्या घरात."

संपदा पलंगावर पाय पसरून बसली होती. तिने साईला जवळ ओढलं. "अगं, त्याला पुढे उभं राहायला लाज वाटते. तो शब्दाच्या आत लपून बसतो. आपण त्याला शोधायचं. डाळ म्हण बघू."

"डाळ... डा-ळ! सापडला!"

त्या दिवशी माझा जो मान झाला, तो दुसऱ्या कुठल्याही अक्षराचा झाला नाही. गूळ, तांदूळ, केळं, नळ, पोळी, खिळा, माळ. साई धावत होती, मला प्रत्येक वस्तूला टेकवत होती आणि "इथं लपलाय!" म्हणून ओरडत होती. संपदा हसून हसून पोट धरत होती. शेवटी साई धापा टाकत तिच्याजवळ आली, तिने मला संपदाच्या पोटावर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "इथं पण लपलाय. बाळ."

 संपदाने माझ्यावर आणि साईच्या हातावर आपला हात ठेवला. तेवढ्यात आतून एक ढुशी आली. ती मलाही लागली. साईचे डोळे एवढाले झाले.

त्यानंतर मी टोपलीत राहिलोच नाही. साई रोज मला आईच्या पोटावर ठेवायची आणि ढुशीची वाट बघायची. निफाडहून संपदाची मोठी बहीण ललिता तिचं बाळंतपण करायला येऊन राहिली होती. तिने येताना घरचे बेदाणे आणले, जुन्या मऊ साड्यांची दुपटी आणली, लाल टोपरं आणलं. घरात बाळ येण्याआधीच बाळाचा वास येऊ लागला.

एके दिवशी साईने मला ठेवलं, पण ढुशी आली नाही.

"झोपलंय वाटतं," साई म्हणाली.

संपदाने कूस बदलून पाहिली. पाणी प्यायली. पोटावरून हात फिरवत राहिली. मग तिने बहिणीला हाक मारली आणि त्या हाकेचा आवाज ऐकून मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. मयुरेश कंपनीतून धावत आला. दोघं दवाखान्यात गेली.

परत आली तेव्हा संपदाचं पोट नव्हतं आणि हातात बाळही नव्हतं. मुलगा होता. पोटातच गेला होता.

साईला कोणी काय सांगावं, हे कोणालाच सुचत नव्हतं. तिने विचारलं, "बाळ कुठंय?" मयुरेश उठून गॅलरीत गेला. संपदा भिंतीकडे तोंड करून निजली होती. शेवटी ललिताने तिला मांडीवर घेतलं. "बाळ देवाघरी गेलं, माझी बाय."

मित्रांनो, साई तीन वर्षांची. तिला एकच देवघर माहीत होतं, स्वयंपाकघरातलं. ती मांडीवरून उतरली आणि तिकडे गेली. मला तिने काखेत धरलं होतं. तिने अन्नपूर्णा उचलून पाहिली, बाळकृष्ण बाजूला केला, समईच्या मागे पाहिलं, उदबत्तीचा डबा उघडला. पुष्कळ वेळ ती शोधत होती. लपलेलं सापडतंच, असं तिला तिच्या आईनेच शिकवलं होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. काय मनात आलं कोण जाणे. तिने हात पुसायचा नॅपकिन घेतला, मला त्यात गुंडाळलं, ललिता दुपट्यात बाळ कसं गुंडाळायचं ते दाखवायची तसंच, आणि संपदाजवळ येऊन मला तिच्या कुशीत ठेवलं.

"आई, सापडलं."

संपदाने नॅपकिन उघडला.

दवाखान्यातून आल्यापासून ती रडली नव्हती. त्या क्षणी तिच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. तिने मला छातीशी घट्ट धरलं आणि ती ओरडून ओरडून रडू लागली. साई दचकून मागे सरकली, कपाटाला टेकली आणि बघत राहिली.

ललिता धावत आली. तिने संपदाला पोटाशी धरलं. जरा वेळाने माझ्याकडे बघून ती मयुरेशला म्हणाली, "भावजी, हे समदं उचला तिच्या नजरेसमोरून. दिसलं की लय तरास व्हतो तिला." मयुरेशने मान हलवली. दुपटी, टोपरं आणि मी एका कापडी पिशवीत गेलो. पिशवीचं तोंड बांधलं आणि ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेली. मी ललिताला दोष देत नाही. तिने मायेपोटीच केलं. पण संपदाला कोणी विचारलं नाही आणि साईलाही नाही.

माळ्यावर अंधार असतो, मित्रांनो. पण आवाज सगळे ऐकू येतात. ललिता निफाडला परत गेली ते ऐकलं. संपदा पुन्हा ऑफिसला जाऊ लागली ते ऐकलं. अक्षरांचे खेळ थांबले. बाळाचा विषय त्या घरात निघेनासा झाला. भांड्यांचा आवाज तेवढा यायचा.

साईचा आवाज यायचा, त्यावर मी जगत होतो. पण हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. साई माझं नाव घेत नव्हती. माझंच काय, मी ज्या ज्या शब्दात राहतो तो एकही शब्द तिच्या तोंडून येत नव्हता.

"आई, मला चपाती दे."

"बाबा, बनाना संपले."

"टॅप सुरू राहिलाय."

शेजारच्या अपूर्वाकाकू आल्या की कौतुक करत. "संपदा, तुझी साई किती छान इंग्लिश शब्द वापरते गं! आमचा देवव्रत बघ, नुसता केळं केळं करत बसतो." संपदा थोडंसं हसायची. कोणालाही वावगं वाटलं नाही. आजकाल सगळीच मुलं तशी बोलतात. मला मात्र वाटलं, ही मला विसरली. विटण्याचं दुःख होतंच. हे त्याहून मोठं होतं.

साई पहिलीत गेली. एका रविवारी सकाळी संपदा तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घेऊन बसली. मी बरोबर वर होतो.

"साई, बाईंचा मेसेज आलाय. तू श्रुतलेखनात शब्द अर्धेच सोडतेस म्हणे. चल, मी सांगते, तू लिही. कमळ."

पेन्सिलीचा आवाज आला आणि थांबला.

"कम? पुढे? बरं, फळा लिही." पुन्हा पेन्सिल थांबली. "अगं, हे काय? ळ विसरलीस? तुला तर सगळ्यात पक्का तोच येत होता."

"येतो मला."

"मग काढ ना, राणी."

"नाही काढायचा."

"का?"

साईने पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ळ आला की तू रडतेस."

मित्रांनो, वरच्या अंधारात मला कळलं, ती मला विसरली नव्हती. खाली संपदाची खुर्ची सरकली.

"म्हणून तू... केळं म्हणत नाहीस?"

"बनाना म्हणते ना."

"पोळी?"

"चपाती."

"शाळा?"

"स्कूल."

संपदाने विचारलं, "आणि बाळ?"

 त्या शब्दाला साईने दुसरा शब्द शोधलाच नव्हता. तो तिने सोडूनच दिला होता.

संपदाने तिला उचलून घेतलं. मग मयुरेशला हाक मारली. "मयुरेश, स्टूल आण. माळ्यावरची ती पिशवी काढ."

"संपदा, कशाला उगाच..."

"काढ म्हणते ना."

पिशवी खाली आली. आधी टोपरं निघालं, मग दुपटी, मग मी. उजेडाने क्षणभर मला काही दिसेना. दिसलं तेव्हा साईचा चेहरा दिसला. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. आईच्या डोळ्यांकडे बघत होती आणि तिथं पाणी आलंच.

"बघ, रडतेस," साई म्हणाली.

"हो. रडू येतंच गं मला. पण ते तुझ्यामुळे नाही, आणि ह्याच्यामुळेही नाही. तुझा भाऊ आला नाही म्हणून येतं. तू हवं ते बोल. मी रडेन आणि मग डोळे पुसेन."

साईने थोडा विचार केला. "तो कसा होता?"

 संपदाने नवऱ्याकडे पाहिलं. "मी पाहिलंच नाही त्याला. मला भीती वाटली. मयुरेश, तू पाहिलंस ना? कसा होता?"

मयुरेश स्टुलावर बसून राहिला. हातातल्या टोपऱ्याच्या नाड्या सरळ करत राहिला. मग म्हणाला, "केस खूप होते. दाट. तुझ्यासारखे, कुरळे. आणि मूठ मिटलेली होती. मी उघडून पाहिली. एवढीशी."

"कधी बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि मला धीर नाही झाला."

त्या सकाळी पहिल्यांदा मी मयुरेशला रडताना पाहिलं. तिघं जमिनीवर बसली होती आणि दुपटी मध्ये पसरली होती. कोणी कोणाला गप्प केलं नाही. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि बराच वेळ कोणीही उठून गॅस बंद केला नाही.

दुपारी साईने वही ओढली. कोणी सांगितलं नव्हतं. तिने लिहिलं, 'कुरळे'. ळ जरा वाकडा आला. तिने तो खोडला नाही.

त्या घरात पाळणा पुन्हा हलला नाही, मित्रांनो. टोपलीतली बाकीची अक्षरं पुढे साईने शेजारच्या देवव्रतला देऊन टाकली. मला दिलं नाही. मी संपदाच्या उशीजवळ असतो. ऑफिसातून आल्यावर कधीतरी ती मला हातात घेऊन नुसती बसते. तिचा चहा गार होतो. साई अभ्यास करता करता एकदा मान वर करून बघते आणि पुन्हा लिहू लागते. आता ती घाबरत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे माझ्यासारखी अक्षरं असतील तर त्यांना जपा, फाटली तर टाका घाला. आणि कोणाच्या घरी दुःख आलं, तर त्यांच्या वस्तू न विचारता माळ्यावर टाकू नका. त्या माणसाला विचारा, ठेवू का जवळ? मोठी झालात की हेही लक्षात असू द्या: लहान मूल काय बोलतं याचं कौतुक सगळेच करतात. ते कोणता शब्द टाळतं आहे, तिकडेही कोणीतरी कान द्यावा.