नटावरची निळी रेघ

पनागरच्या रेल्वे फाटकावर गेट पडलं आणि माझ्या मागेपुढे मटारच्या पोत्यांनी भरलेल्या टेम्पोंची रांग लागली. मी त्या सगळ्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बसले होते. अंगावर ड्युटीची पांढरी साडी, डोक्याला मफलर, शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला लसींचा डबा. एका टेम्पोवाल्याने वाकून माझ्या लाल गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दीदी, ये गाड़ी रोज चलाने की है क्या?"

"तो क्या आरती उतारने की है?"

तो हसला. गेट उघडलं, मी पहिला गिअर टाकला आणि सायलेन्सर असा गरजला की रस्त्याकडेची म्हैस दोन पावलं मागे सरली. पहिल्या दिवशी मला ह्या आवाजाची लाज वाटली होती. आता वाटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, आवाजही सगळे करतात, मग मीच काय म्हणून मान खाली घालायची?

मी गीता मेश्राम. पनागरकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स. जबलपूरच्या रांझीहून रोज जाऊन-येऊन करते. आमचे हे सैन्याचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी मोठाले ट्रक जुळवले आणि स्वतः सायकलवर घरी आले. मग एकदा सदर छावणीतल्या एका बदली झालेल्या साहेबाची आदळलेली स्पोर्ट्स कार भंगारात निघाली होती, ती ह्यांनी ट्रॉलीवर घालून दारात आणली. दोन दारं, दोन सीटा आणि पोट जमिनीला टेकलेलं.

"प्रबोध कुठी बसन?" मी आमच्या पोराचं विचारलं.

"त्याले पुण्याले जायचं आहे. आपल्याले दोनच जागा लागतात."

सगळ्या नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला, काय गरज होती? त्या शब्दाने हे चिडायचे. म्हणायचे, "माह्या बापानं जन्मभर गरजेपुरतंच घेतलं. मी आवडीचं घेऊन राहिलो. कोणाचं पोट दुखते?" पुढची काही वर्षं प्रत्येक रविवार त्या गाडीत गेला. इंजिन दुसऱ्या गाडीचं बसवलं. जबलपूरच्या खड्ड्यांसाठी गाडी चार बोटं उंच केली, स्प्रिंगा जाड टाकल्या, हॉर्न ट्रकचा लावला. मला चालवायलाही ह्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा आम्ही दोघं नर्मदेवरच्या तिलवाराच्या पुलापर्यंत गेलो तेव्हा हे खिडकीतून हात बाहेर काढून वाऱ्यात धरून बसले होते, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात हे गेले. चहाचा कप हातात होता.

प्रबोध वर्षश्राद्ध म्हणून नाही, आमच्याकडे ते नसतं, पण बाबांच्या आठवणीला विहारात भोजनदान ठेवलं होतं म्हणून पुण्याहून आला. भोजनदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आई, गाडी विकायची बात केली मी. सदरवाले चंद्रशेखर भैया घेऊन राहिले. शादीच्या शूटिंगसाठी भाड्याने देतात ते अशा गाड्या. मी हो म्हटलं."

"काहून म्हटलं? मले विचारलं?"

"अरे यार आई, समझ ना. ही रोजची गाडी नाही, शोची आहे. कधी कुठे बंद पडेल, तू एकटी, रस्ता तो हायवे. आणि लोक हसतात."

"लोक तुह्या बापालेही हसले."

तो मोबाईल बघायला लागला. मग मीच म्हटलं, "रोजची आहे का नाही ते रोज चालवून पाहू. तुही सुट्टी आहे तोवर मी ड्युटीले हीच नेतो. एकदा जरी रस्त्यात बंद पडली तर घेऊन जा म्हणा तुह्या भैयाले. नाही पडली तर पुन्हा नाव काढायचं नाही."

"ठीक है," तो म्हणाला. त्याला खात्री होती. खरं सांगायचं तर मला नव्हती.

पण गाडी चालली. साडीत तिच्यात बसायचं एक तंत्र आहे. आधी मागचा भाग सीटवर टाकायचा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, निऱ्या हातात. हे ह्यांनी शिकवलेलं नाही, माझं मी शोधलं. स्पीडब्रेकरवर ती तिरपी घ्यावी लागते. धुक्यात दिवे खाली पडतात म्हणून कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत जावं लागतं. दवाखान्याजवळचा भाजीवाला नथ्थू म्हणाला, दीदी, इसमें मटर की बोरी नहीं जाएगी. मी बोरी सीटवर उभी केली, पट्टा लावला आणि रांझीपर्यंत नेली. अर्ध्या गल्लीने मटार सोलले आणि तीच गल्ली दुसऱ्या दिवशी मला बघून हसली नाही.

रोज निघण्याआधी मी एक काम करायचे. ह्यांच्या कारखान्यात नट आवळला की त्याच्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची पद्धत होती. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. ती सवय हे घरी घेऊन आले. पंख्याच्या नटाला रेघ, शिलाई मशीनला रेघ. गाडीला तर जागोजागी. रंग निळा, कारण जयंतीला विहाराचं फाटक रंगवून डब्यात उरला होता तो. मी टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायचे. रेघा सरळ असल्या की निघायचे.

शुक्रवारी मी ड्युटीवरून आले तेव्हा प्रबोध म्हणाला, "उद्या सकाळी गाडी चमकलेली दिसेल, बघ." चंद्रशेखरचा माणूस संध्याकाळी येऊन चाकं काढून, पॉलिश करून गेला. मला बरंच वाटलं. पोराने बापाच्या गाडीला हात तर लावला.

शनिवारी लसीकरण होतं आणि धुकं असं की अंगणातला नळ दिसेना. मी टॉर्च फिरवला, रेघा दिसल्या नाहीत. वाटलं, चाकांवर दव धरलंय. निघाले.

फाटकाच्या अलीकडे स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मग पुढच्या डाव्या चाकातून खडखड. मी गाडी कडेला घेतली, उतरले आणि चाकाला हात लावला. नट बोटाने फिरत होता. त्याच्या शेजारचाही. आणि रेघ नव्हती. दव नव्हतं, काही नव्हतं, नुसतं चकचकीत लोखंड. सगळ्या चाकांवर तसंच. कोणीतरी घासून घासून पुसलं होतं.

चाक निघालं असतं तर काय झालं असतं, हे माझ्या मनात आधी आलंच नाही. एवढ्या महिन्यांत मी ह्यांचं काहीच हरवू दिलं नव्हतं, चष्मासुद्धा, आणि हे माझ्याच अंगणात पुसलं गेलं होतं.

नथ्थू आपला टेम्पो घेऊन मागून येत होता. थांबला. "हटो दीदी, हम कर देते हैं."

"तुम डब्बा पकड़ो. वैक्सीन गरम नहीं होनी चाहिए."

पदर खोचला, पाना लावला आणि त्याच्या दांड्यावर पाय देऊन उभी राहिले. एकेक नट करकरून बसला. चारही चाकं केली. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. दवाखान्यात पोचले तेव्हा बायका पोरांना घेऊन नुकत्याच बसायला लागल्या होत्या.

संध्याकाळी घरी आले तर अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चंद्रशेखर चहा घेत बसलेला. बाजूला प्रबोध.

"रेघा कोणी पुसल्या?" मी दारातच विचारलं.

प्रबोधने भैयाकडे पाहिलं. "थिनरने पुसल्या. मीच सांगितलं."

"काहून?"

चंद्रशेखरच मधे बोलला. "भाभीजी, मैंने ही कहा था, जगह-जगह नीला पोत रखा है, अच्छा नहीं लगता. शादी-ब्याह की गाड़ी है, पार्टी पूछती है."

"काय पूछती है?" मी प्रबोधला विचारलं. "तू सांग."

त्याने मान वर केली नाही. "मला वाटलं बाबांनी ते... जयभीमवालं म्हणून लावलं. आई, तुला नाही माहीत. पुण्याला मी नाव सांगतो, आडनाव विचारलं की विषय बदलतो. गाडी बघून लोक पुन्हा तेच विचारतील."

पोराचा राग आला, खोटं कशाला बोलू. आणि तो बोलला त्याने जीवही तुटला. एवढा शिकला, एवढ्या लांब गेला, आणि तिथे जाऊन लपून बसला.

"ती खूण चाक सांभाळायची होती," मी म्हटलं. "आज चाकं ढिली होती. चाकं काढली, धड आवळली नाही, आणि खूण पुसली म्हणून मले दिसलं नाही. फाटकाजवळ निघालं असतं."

प्रबोध गाडीकडे वळला. "गाडी बंद पडली?"

"नाही पडली. मी थांबवली, आवळली, ड्युटी केली अन् चालवत घरी आली. आणि ऐक, निळी होती तेही खरं आहे. उगाच नव्हता तो रंग तुह्या बापाच्या घरात. विचारलं कोणी तर सांगायचं. माह्या बापानं बनवली, मेश्राम फिटरनं. मान वर करून सांगायचं."

चंद्रशेखर खुर्चीत सरसावला. "भाभीजी, वो ठीक है, पर बात तो हो चुकी थी..."

"चाय पी लो भैया, ठंडी हो रही है. गाड़ी देनी नहीं है."

त्याने प्रबोधकडे पाहिलं. प्रबोध म्हणाला, "आई बोल रही हैं तो नहीं है."

तो गेल्यावर मी माळ्यावरून रंगाचा डबा काढला. वर साय धरली होती, खाली रंग ओला होता. साडी न बदलताच मी चाकापाशी बसले. पाना लावून नट तपासायचा, मग रेघ. माझा हात इंजेक्शनचा आहे, ब्रशचा नाही. पहिली रेघ जाड आली, दुसरी वाकडी. थोड्या वेळाने प्रबोध येऊन बसला आणि पाना माझ्या हातातून घेतला. तो आवळायचा, मी ओढायचे. एकदा हात घसरून रंग माझ्या पांढऱ्या पदरावर पडला. तो पुसायला धावला. मी म्हटलं, राहू दे.

शेवटी स्टिअरिंगच्या खालचा नट राहिला. तिथे बघायला सीटवर आडवं व्हावं लागतं. मी आत डोकं घातलं, प्रबोधने बाहेरून ब्रश पुढे केला. पॉलिशवाल्याचा हात इथवर पोचला नव्हता. ह्यांची रेघ होती. बारीक, नटावरून खाली उतरलेली, कुठेही न तुटलेली.

"आई, ब्रश घे ना."

मी तशीच पडून होते. मान अवघडली होती.

"याले नाही लागत," मी म्हटलं. "याले लावलेली आहे."